घराला पाय नसतात

दिवाळीच्या अंकासाठी लेख लिहायचा आणि विषय घ्यायचा पूर, भूकंप आणि साथीच्या रोगांचा, म्हणजे फराळाच्या ताटात चकलीशेजारी एरंडेलाची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. आमच्या घरातही असा विषय निघाला, की सासूबाई पहिल्याच वाक्याला "शुभ बोल गं बाई" म्हणून मला गप्प करतात. त्यांचा तरी काय दोष? आपली भाषाच मुळी अशुभाला वळसा घालून जाणारी. मी वीसेक वर्षे कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे या वळशांची मला चांगली ओळख आहे. आपण बांगडी फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करीत नाही, तेही वाढवतो. रात्री सापाचे नाव घेत नाही, 'जनावर' म्हणतो. आणि उंबरठा ओलांडताना कोणी "जाते" म्हटले, तर घरातली वडीलधारी माणसे लगेच दुरुस्त करतात, "जाते म्हणू नये, येते म्हणावं." घराबाहेर पडण्याचा साधा उच्चारही ज्या भाषेला सोसत नाही, त्या भाषेत वाढलेल्या माणसांनी संकटकाळी घर सोडण्याची तयारी करायची तरी कशी?

पण एक बाई ही तयारी बारा महिने करीत असे. ती माझी आजी.

आजीचे घर पिंपळवंडीला. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले आणि नारायणगाव मागे टाकले, की आळेफाटा यायच्या आधी हे गाव लागते. आमचा जुन्नर तालुका मोठा मौजेचा आहे. त्याच्या पश्चिमेच्या टोकाला माळशेज आणि नाणेघाट. तिथे पावसाळ्यात डोक्यावरचे इरले खाली उतरत नाही. आणि पूर्वेकडे यावे तसा पाऊस पातळ होत जातो आणि माळ आभाळाकडे डोळे लावून बसलेले दिसतात. कुकडी प्रकल्पाचे पाणी आल्यापासून आता तिथे ऊस, कांदा आणि टोमॅटो डोलतात. आजीच्या लहानपणी बाजरी पिकली तरी देव पावला, असे दिवस होते.

या घराच्या मधल्या दाराशेजारी एक खुंटी होती आणि तिच्यावर मांजरपाटाची एक पिशवी कायम टांगलेली असे. आजी तिला 'निघायची पिशवी' म्हणे. तिच्यात काय काय होते, ते मला आजही पाठ आहे. मेणकापडात गुंडाळलेले जमिनीचे कागद आणि रेशनकार्ड, पत्र्याच्या डबीत काडेपेटी आणि दोन मेणबत्त्या, मिठाची पुरचुंडी, गुळाचा खडा, शेंगदाणे, एक जुने लुगडे, सुरी, सुतळीचे बंडल आणि धडप्यात गाठ मारून ठेवलेले थोडे पैसे. दर दिवाळीला घराची झाडलोट झाली, की आजी ती पिशवी खाली काढी. एक शेंगदाणा तोंडात टाकून खवट झाला की काय ते पाही, काड्या उन्हात ठेवी, गूळ बदली आणि सगळे नव्याने भरून पिशवी पुन्हा खुंटीला लावी. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीचा हा विधी आमच्याकडे कधी चुकला नाही. आम्ही नातवंडे तिची यथेच्छ टर उडवीत असू आणि संधी मिळाली की त्यातला गूळही उडवीत असू. "आजी, कुठं गं निघालीस?" असे विचारले, की ती शांतपणे म्हणे, "पोरी, घराला पाय नसत्यात. आपल्याला देवानं दिल्यात."

हे वाक्य तिने कुठल्या पोथीत वाचले नव्हते. ते ती प्लेगात शिकली होती. तिच्या लहानपणी आमच्या भागात प्लेगाच्या फेऱ्या येत. तेव्हा गावचा नियम एकच होता: घरात उंदीर मरून पडला, की घर सोडायचे. 'उंदीर पडला' हे दोन शब्द गावभर फिरले, की मुहूर्त नाही, पंचांग नाही. दिवस मावळायच्या आत घरांना कुलपे आणि माणसे मळ्यात. कडब्याच्या आणि पाचटाच्या खोपी उभ्या राहत. महिना-दोन महिने सगळा संसार तिथे. चुली तिथे, सण तिथे, बाळंतपणेही तिथेच. आजीचा धाकटा भाऊ अशाच एका खोपीत जन्मला. म्हातारा होऊन वारला तरी गाव त्याला 'खोप्या' म्हणूनच ओळखत होते.

या नियमामागे कोणते शास्त्र आहे, ते गावाला ठाऊक नव्हते. पण शास्त्र होते. प्लेगाचे जंतू उंदरांच्या अंगावरच्या पिसवा वाहतात. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधू लागतात आणि घरात ते बहुधा माणसाचे असते. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत हे पिसवांचे गुपित उघड केले आणि विद्वानांना ते पटायला आणखी काही वर्षे गेली. तोवर आमच्या खेड्यापाड्यांतल्या बाया कडब्याच्या खोपीत भाकऱ्या थापीत सुखरूप बसल्या होत्या. मेलेल्या उंदराला त्यांनी घाणीत काढले नाही. त्याला त्यांनी निरोप मानले.

याच साथीत शहरांचे काय झाले, ते आपण शाळेत शिकलो आहोत. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला, पाठोपाठ पुण्यात. १८९७ मध्ये सरकारने साथरोगाचा कायदा केला आणि रँडसाहेबाचे गोरे शिपाई घराघरांत शिरले. सामान रस्त्यावर फेकले गेले, देवघरेही सुटली नाहीत. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत झाला, हेही सर्वांना ठाऊक आहे. परंतु या कथेतली एक गोष्ट आपण विसरतो. शिपायांच्या भीतीने लोक आजारी माणसे माळ्यावर आणि अडगळीत लपवू लागले. म्हणजे माणसे रोगापासून पळायची ती पथकापासून पळू लागली. लादलेली तयारी आणि आपण होऊन केलेली तयारी यांत हा एवढा फरक आहे. पिंपळवंडीच्या लोकांना मळ्यात कोणी हाकलले नव्हते. ते आपल्या पायांनी गेले होते.

आणि त्याच काळात पुण्याबाहेरच्या ससाणे मळ्यात डॉक्टर यशवंतरावांनी प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता आणि त्यांची आई, सावित्रीबाई फुले, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तिथे रोगी आणून पोहोचवीत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, असे सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्यांना पाय आहेत ते निघतील. पण ज्यांना चालवत नाही, त्यांना कोणीतरी पाठ द्यावी लागते. आजीच्या वाक्याचा हा दुसरा भाग मला फार उशिरा सुचला. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्लेगात उंदराचा निरोप तरी मिळे. भूकंपात तोही मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारी आणि आसपासची लातूर जिल्ह्यातली, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावे हादरली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. ती भूकंपाने गेली असे आपण म्हणतो. खरे तर ती आपल्याच घरांखाली गेली. दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, दगड सांधायला नुसता चिखल, आणि वर उन्हाळ्यात गार राहावे म्हणून वर्षानुवर्षे थापत नेलेला मातीचा जड थर. भिंत हलली, की तो सगळा भार खाली.

आजीने रेडिओवर ही बातमी ऐकली आणि आठ दिवसांत गवंडी बोलावला. आमच्या आजोबांनी बांधलेल्या मागच्या खोल्यांवर असेच मातीचे धाबे होते. काकांनी विरोध केला. पत्रा उन्हाळ्यात तापतो, दिसायला दरिद्री दिसतो, लोक काय म्हणतील, हे सगळे मुद्दे त्यांनी मांडले. आजी म्हणाली, "उकडलं तर बाहेर निजता येईल. गाडलं गेल्यावर कुठं निजायचं?" धाबे उतरले. ज्या मांडणीवर पितळी हंडे आणि कळशा रचलेल्या असत, तिच्याखालची खाटही तिने त्याच दिवशी हलवली. खर्च झाला तो धाब्याचा. खाट हलवायला काहीच पडले नाही. आपल्या पलंगाच्या डोक्याशी आज काय काय लटकले आहे, हे वाचकांनी एकदा मान वर करून पाहावे.

आजी गेली त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण घडले. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगरांतले हे गाव. ३० जुलै २०१४ ची सकाळ. पाऊस कोसळत होता, त्यामुळे माणसे घरातच होती. डोंगराचा कडेचा भाग सुटला आणि चिखलाच्या लोंढ्यात गाव बघता बघता नाहीसे झाले. बाहेरच्या जगाला कळले ते एसटीच्या एका ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन आला, तर समोर गाव नाही. दीडशेहून अधिक माणसे त्या चिखलात गेली. एक आई आणि तिचे काही महिन्यांचे तान्हे बाळ मात्र ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. नवे माळीण पुढे आमडे इथे वसवले गेले. त्यानंतर २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये आणि २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. तीनही वेळा महिना तोच, जुलै.

डोंगर सुटण्यापूर्वी पुष्कळदा काही खुणा दिसतात, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. जमिनीला किंवा घराच्या जोत्याला नव्या भेगा जातात, झाडे आणि विजेचे खांब कलतात, नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा कोरड्या जागी झरा फुटतो. हा डोंगराचा उंदीर. पण खूण दिसली म्हणून लगेच निघता येते असे नाही. धो धो पाऊस, गोठ्यात जनावरे, घरात म्हातारी माणसे, काळोखी रात्र. निघून जायचे कुठे? माळीणसारख्या गावाची आठवण झाली, की मला हाच प्रश्न छळतो. आमच्या गावाला प्लेगात मळा होता. जाण्याजोगी जागा आधी ठरलेली होती, म्हणून पाय उचलले गेले. ज्याला जागाच नाही, त्याच्या हाती पिशवी देऊन काय उपयोग? घराची तयारी म्हणजे पिशवी, हा तिचा अर्धाच अर्थ. कुठे जायचे आणि तिथे आपल्याला कोण दार उघडणार, हा उरलेला अर्धा.

दार उघडणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, हे २०२० साली दिसले. त्या मार्चमध्ये कोरोना आला, १८९७ चाच तो साथरोगाचा कायदा कपाटातून पुन्हा बाहेर निघाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. जुन्नर-आंबेगावच्या जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मुंबईत असते. त्यांना आम्ही 'मुंबईकर' म्हणतो. एरवी जत्रेला मुंबईकर आले की गाव त्यांच्यासाठी पायघड्या घालते. त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या.

मला तेव्हा मरीआईचा गाडा आठवला. पूर्वी गावात पटकी आली, की मरीआईला नैवेद्य दाखवून तिचा छोटा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत नेत आणि पलीकडच्या हद्दीत सोडून येत. त्या गावाचे लोक तो तसाच पुढच्या शिवेत ढकलीत. आपल्या दारातून संकट गेले म्हणजे संपले, ही मनुष्यमात्राची आवडती समजूत आहे. पटकी गाड्यातून जात नव्हती. ती ओढ्याच्या पाण्यातून जात होती आणि ओढा सगळ्यांचा एकच होता.

माझा चुलतभाऊ टाळेबंदीच्या दोन दिवस आधी बायको आणि दोन मुलांना घेऊन पिंपळवंडीला आला. काकूला आनंदही झाला आणि धसकाही बसला. घरात काका, दमेकरी. काकांनी एक शब्द न बोलता मळ्यातली कांद्याची चाळ झाडून घेतली. कांदा अजून काढणीला यायचा होता, चाळ रिकामीच होती. तिथे दोन बाजा, पाण्याचे पिंप, एक दिव्याची वायर. चौदा दिवस ती चौघे तिथे राहिली. काकू दोन्ही वेळा डबा घेऊन जाई, बांधावर ठेवी, दहा पावले मागे येई आणि तिथूनच नातवंडांशी गप्पा मारीत बसे. धाकटे पोर "आजी, जवळ ये ना" म्हणून रडले की काकूही पदराने डोळे पुशी, पण बांध ओलांडत नसे. चौदाव्या दिवशी तिने पुरणपोळी केली. मी फोनवर विचारले, "काका, हे तुम्हाला सुचलं कसं?" ते म्हणाले, "सुचायचं काय त्यात? आईच्या खोपी ऐकल्या नव्हत्या का?"

मला यात सगळे आले असे वाटते. दूर ठेवायचे, पण टाकून द्यायचे नाही. बांध असावा आणि बांधावर डबाही असावा. बाभळीच्या फांदीने फक्त पहिले काम होते.

आमच्या गावाकडे आता आणखी एक सोय झाली आहे. पूर्वी दवंडी होती. आता ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. गावातल्या कोणीही ठरलेल्या क्रमांकावर फोन करून निरोप सांगितला, की तोच आवाज एकाच वेळी सगळ्या घरांच्या फोनवर ऐकू येतो. अमक्याच्या उसात बिबट्या दिसला, तमक्या वस्तीवर चोर आले, ओढ्याला पाणी चढले. काकांचा फोन जेवताना असा वाजला, की सगळे घास हातात धरून ऐकतात. आमच्या पुण्याच्या सोसायटीचाही एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी पन्नास गुलाबाची फुले येतात आणि महिन्यातून एकदा पार्किंगवरून भांडण होते.

शहराचा विश्वास नळावर, बटणावर आणि फोनवर असतो. या तिन्ही गोष्टी एकदम गेल्या, तर शहरातला माणूस खेड्यातल्या माणसापेक्षा जास्त उघडा पडतो. पुण्याने हे १२ जुलै १९६१ ला अनुभवले. पानशेत फुटण्यापूर्वी जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास तगवून धरले, म्हणून पाणी मध्यरात्री न येता दिवसाउजेडी आले आणि असंख्य जीव वाचले. पण पानशेतच्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फुटली आणि शहराला पाणी देणारा तलावच रिता झाला. कालपर्यंत पेठांतून होडी चालेल एवढे पाणी, आणि आज नळाला थेंब नाही. पुरात पहिली टंचाई पिण्याच्या पाण्याची होते, ही गोष्ट ऐकायला विनोदी आहे आणि भोगायला भयंकर.

अलीकडे २५ जुलै २०२४ ला अतिवृष्टी आणि खडकवासल्याचा विसर्ग एकत्र आले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांतून पाणी शिरले आणि माणसे बोटींतून बाहेर काढावी लागली. आमची इमारत तिथून दूर, उंचावर. आमच्याकडे पाणी आले नाही. फक्त वीज गेली. वीज गेली म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून नळ बंद, लिफ्ट बंद, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे मोबाइल मान टाकून पडले.

आमच्याकडे मात्र पिशवी होती. काकूने आजीची पिशवी ठेवली आणि मी तिची नक्कल पुण्याला केली. मुलीने तिला जुनी शाळेची सॅक दिली. कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात, सासूबाईंची आठवड्याची औषधे आणि त्यांच्या नावांची चिठ्ठी, बॅटरी, शिट्टी, थोडी सुटी रोकड. शेंगदाणे आणि गूळ आहेतच. नातेवाइकांचे आणि डॉक्टरांचे क्रमांक एका कागदावर शाईने लिहिलेले, कारण मोबाइल मेला की पाठ असलेला क्रमांक आपला स्वतःचाच उरतो. त्याच कागदावर वर मोठ्या आकड्यांत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. स्वयंपाकघरात माणशी रोज तीन लिटर धरून तीन दिवसांचे झाकलेले पाणी. ते आम्ही बदलत राहतो. आणि भिंतीवर एक कृती चिकटवली आहे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या द्रावणाची पिंपे भरून, नातेवाइकांच्याच हाती भांडी देऊन, हजारो माणसे जगवली. जे औषध आपल्या डब्यांतच असते, त्याचे माप तेवढे ठाऊक हवे.

हे सगळे मी त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात ह्यांना मोठ्या अभिमानाने दाखवले. हे सॅक हातात घेऊन म्हणाले, "छान आहे. आणि आईला कुठल्या कप्प्यात ठेवायचं?"

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या वॉकर धरून देवघरापर्यंत जातात, तेवढीच त्यांची यात्रा. ह्यांच्या कमरेला पट्टा. मुलगी पंधरा वर्षांची. उद्या खरोखर निघायची वेळ आली, तर त्यांना चार मजले उतरवणार कोण? त्या अंधारात आम्ही दोघांनी इमारतीतल्या माणसांची नावे आठवायला सुरुवात केली आणि सातव्या नावाला गाडी अडली. बारा वर्षे एका जिन्याने चढतो-उतरतो आहोत.

तिसऱ्या मजल्यावर तीन तरुण मुले राहतात. बीड-परभणीकडची, कुठल्याशा कंपनीत रात्रपाळी करणारी. सोसायटीच्या सभेत त्यांच्याविरुद्ध दोन ठराव झालेले. एक चपलांबद्दल, एक गाण्यांबद्दल. मी त्यांची घंटी वाजवली. दार उघडणाऱ्याचा चेहरा पाहून कळले, की तिसरा ठराव आला असे त्याला वाटले. मी म्हटले, "आमच्या आजींना कधी उचलून खाली न्यायची वेळ आली, तर तुम्ही याल का?" तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, आत्ता नेऊ का?"

त्यावरून तालमीची कल्पना निघाली. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. त्यांनी खुर्ची कशी धरायची, पाठ न वाकवता गुडघ्यांत कसे बसून उठायचे, जिना उतरताना माणसाचे तोंड कुठे असावे, ते सगळे शिकवले. रविवारी सकाळी हातांची मजबूत खुर्ची आणली. सासूबाईंना नऊवारीवरून पट्टा बांधला. आदल्या दिवसापर्यंत "असलं अभद्र नाटक माझ्या घरात नको" म्हणणाऱ्या बाईंनी सकाळी वेणीफणी करून इरकली नेसली होती. मुलांनी खुर्ची उचलली. उंबरठ्यावर त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले, मागे वळून रिकाम्या घराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "येते हं."

साडेसहा मिनिटे लागली. प्रत्येक मजल्यावर दारे उघडली आणि माणसे बाहेर येऊन उभी राहिली. पालखीच होती ती. नुसता टाळ-मृदंग नव्हता. खाली कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची टेकली. सासूबाई आठ महिन्यांनी जमिनीवर आल्या होत्या. त्यांनी वर झाडाकडे पाहिले, समोरच्या भेळवाल्याकडे पाहिले आणि जाहीर केले, की भेळ खाल्ल्याशिवाय आपण वर जाणार नाही. मग सगळ्यांनीच खाल्ली. त्या अर्ध्या तासात मला कळले, की पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांचे दार वाजवून उपयोग नाही, आत जाऊन हलवावे लागेल. पाचव्या मजल्यावरच्या सुनेला सातवा महिना आहे. पंपाचा मुख्य खटका कुठे आहे, ते फक्त वॉचमनला ठाऊक आहे आणि तो सणाला गावी जातो. हे सगळे आम्ही एका कागदावर लिहून जिन्यात लावले.

वर जाताना सासूबाईंनी त्या मुलांना विचारले, "पुढची तालीम कधी?" ती भाऊबीजेनंतरच्या रविवारी ठरली आहे. पाचव्या मजल्यावरची मंडळीही येणार आहेत.

या दिवसांत आपण सगळेच फराळाची ताटे घेऊन शेजारीपाजारी जातो. ताट देतो, ताट घेतो, "छान झालीये हं चकली" म्हणतो आणि दारातूनच परततो. या वर्षी क्षणभर आत टेकावे आणि विचारून घ्यावे, की तुमच्याकडे कोणाला उचलावे लागेल, आणि आमच्याकडे कोणी आले तर तुमच्यापैकी कोण येईल? विषय अशुभ वाटेल. करंजी पुढे करावी, म्हणजे वाटणार नाही. आणि निघताना "येते" म्हणावे. मी इतकी वर्षे हा शब्द अशुभाला घातलेला वळसा समजत होते. आता वाटते, त्यात संकट टाळण्याचा काही संबंध नाही. निघणे तर आहेच. त्यात परत येण्याचा शब्द तेवढा दिलेला आहे, आणि तो दारात उभे राहून ऐकणारे कोणीतरी आहे.